लुक्लाच्या नावाने दोन दिवस जास्तीचे धरा हो: ट्रेक लीडर मंडळींना खुलं पत्र

समस्त लीडर मंडळी,
सप्रेम नमस्कार आणि जय शिवराय.

हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, म्हणजे दर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या बॅचेस घेऊन जाणारे आपले पुण्याचे, मुंबईचे, नाशिकचे, कोल्हापूरचे जे कुणी दादा, ताई आणि सर असतील त्यांना. मी कुणाच्या बॅचमधून गेलो ते विचारू नका, सांगणार नाही. आमचा लीडर माणूस म्हणून सोन्यासारखा, आणि त्याने जे केलं तेच बाकीचेही बरेच जण करतात हे मला नामचेच्या लॉजमध्ये दुसऱ्या मराठी ग्रुपवाल्यांशी गप्पा मारताना कळलं. माझी तक्रार माणसाबद्दल नाहीये, त्या व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पत्रकाबद्दल आहे. दिवस पहिला काठमांडू, दिवस दुसरा लुक्ला, मग नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, बेस कॅम्प, धडाधड खाली, परत लुक्ला, लुक्लाहून काठमांडू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचं विमान. कसारा लोकलचं टाइमटेबल असावं तसं सगळं एकाला एक जोडलेलं. आणि या सगळ्याच्या दोन्ही टोकांना बसलंय लुक्ला, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो आणि जिथे संपतो ते डोंगरातलं छोटं एअरपोर्ट, ज्याचा टाइमटेबलशी काडीचा संबंध नाही.

आता तुम्ही तिथे दहा-दहा वेळा जाऊन आलेले, तुम्हाला मी काय लुक्ला सांगणार, पण जे पहिल्यांदा जातात त्यांना तुम्ही ते सांगत नाही म्हणून मीच जरा सांगतो. लुक्लाचा रनवे ५२७ मीटरचा. मुंबईचा मोठा रनवे साधारण साडेतीन किलोमीटरचा आहे, त्याच्यासमोर हा म्हणजे आपल्या सोसायटीच्या गेटपासून नाक्यापर्यंतचा रस्ता. त्यात तो सपाट नाही, जवळजवळ १२ टक्के चढ आहे, म्हणजे खालच्या टोकापेक्षा वरचं टोक ६० मीटर उंच, वीस मजली बिल्डिंग धरा. खालच्या टोकाला थेट दूधकोशी नदीची दरी, वरच्या टोकाला भिंत आणि भिंतीमागे डोंगर. त्यामुळे उतरायचं ते फक्त चढावर आणि उडायचं ते फक्त उतारावर, वारा कुठूनही येऊ दे. चढामुळे विमानाला ब्रेक लागतो, उतारामुळे स्पीड मिळतो, हिशोब सरळ आहे. पण एकदा उतरायला म्हणून विमान जवळ आलं की 'जमत नाहीये, परत एक चक्कर मारून येतो' हा प्रकार नाही, समोर डोंगर आहे. वर लुक्ला साधारण २८५० मीटरवर, हवा विरळ, म्हणजे खालच्यापेक्षा विमान जास्त वेगात येतं आणि इंजिनाला जोर कमी. ढगातून यंत्राच्या भरवशावर उतरायची सोयच तिथे नाही, पायलटला पट्टी डोळ्याने दिसली तरच तो उतरणार.

आणि वाऱ्याचं असं आहे की सकाळी दरी शांत असते, दहा-अकराच्या पुढे ऊन तापलं की खालून वर वारा सुटतो, तो बरोब्बर उतरणाऱ्या विमानाच्या पाठीला लागतो. आधीच अर्ध्या किलोमीटरची पट्टी, त्यात मागून ढकलणारा वारा, मग कोण उतरवेल? म्हणून दुपारनंतर बहुतेक सगळं बंद. दुपारी ढगही वर चढतात ते वेगळंच. थोडक्यात रोजचे हातात चार-पाच तास, तेही आकाशाने मेहरबानी केली तर.

पायलट पण कुणीही उचलून बसवत नाहीत. अशा आखूड पट्ट्यांवर निदान शंभर फेऱ्या, नेपाळमध्ये वर्षभराचा तसला अनुभव, आणि लुक्लालाच इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून दहा वेळा उतरून दाखवायचं, मग परवानगी. आम्ही गेलो त्या विमानात कॉकपिटला दरवाजाच नव्हता, मी दुसऱ्या रांगेत, पायलटच्या खांद्यावरून समोरची काच दिसत होती. सुरुवातीला हवाईसुंदरीने ट्रेमधून कापूस आणि गोळ्या फिरवल्या, कापूस कानात घालायला, आमच्यातल्या एकाने दोन्ही तोंडाजवळ नेलं, झोपेत होता बिचारा. मग वीसेक मिनिटं नुसती घरघर, डावीकडे बर्फाचे डोंगर, सगळे मोबाईल डाव्या खिडकीला चिकटलेले, आणि एकदम पायलटच्या काचेत समोर डोंगराला चिकटवलेली एक राखाडी पट्टी दिसली. पट्टी उभी दिसत होती हो, आडवी नाही! भिंतीवर पोस्टर लावावं तशी. विमानातला आवाज बंद, सगळे गप, चाकं टेकल्यावर मात्र मागून असं काही दणक्यात 'गणपती बाप्पा' आलं की पुढे बसलेला जर्मन म्हातारा दचकला आणि 'मोरया' संपेपर्यंत हसत टाळ्या वाजवायला लागला.

तर हे असं एअरपोर्ट. १९६४ साली एडमंड हिलरींनी बांधून घेतलं, खालच्या सपाट शेतांची जमीन द्यायला शेतकरी तयार होईनात म्हणून ही उतरती जागा मिळाली. त्यांच्या डोक्यात आपण नव्हतोच, त्यांना शाळा आणि खुंडे गावचं हॉस्पिटल बांधायला सामान वर न्यायचं होतं. डांबर पडलं ते २००१ मध्ये, तोपर्यंत मातीचीच पट्टी. आणि एक गोष्ट मला तिकडून आल्यावर वाचताना कळली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही, ज्या माणसाने हे बांधलं त्याची बायको लुईस आणि मुलगी बेलिंडा १९७५ मध्ये काठमांडूहून फाप्लूला जाणाऱ्या अशाच एका छोट्या विमानाच्या अपघातात गेल्या, हिलरी तेव्हा फाप्लूला हॉस्पिटल बांधत होते. लुक्लालाही २००८ च्या ऑक्टोबरमध्ये धुक्यात उतरताना विमान पट्टीच्या अलीकडेच आदळलं, १८ माणसं गेली. घाबरवायला सांगत नाहीये, तिकडची विमानं रोज सुखरूप उतरतात. एवढ्यासाठी सांगतोय की ज्या दिवशी तिथला माणूस म्हणतो 'आज नाही', त्या दिवशी त्याच्याशी हुज्जत घालणारे आपण कोण?

आता मंथलीची रात्र. सीझनमध्ये काठमांडूच्या रनवेवर गर्दी होते म्हणून २०१९ पासून लुक्लाची बरीचशी विमानं मंथलीहून, म्हणजे रामेछाप जिल्ह्यातल्या एअरपोर्टवरून सुटतात. तुमच्या पत्रकात याची ओळ काय असते? 'पहाटे काठमांडूहून प्रस्थान.' पहाटे म्हणे! रात्री एकला जीपमध्ये कोंबलं आम्हाला, १३० किलोमीटर, पण ते नेपाळचे १३०, बीपी हायवे म्हणजे जपानच्या मदतीने बांधलेला सुंदर अरुंद वळणावळणाचा रस्ता, त्यात २०२४ च्या सप्टेंबरच्या पुरात रोशी खोऱ्यातला भाग वाहून गेलेला, तिथे नदीच्या पात्रातूनच गाडी हाकतात. बॅचमधल्या तिघांना उलट्या. साडेपाचला तामाकोशीच्या काठावर त्या एअरपोर्टसमोर उतरलो तर आमच्याआधी दोनशे माणसं, बाहेर पत्र्याखाली चहा, आणि सगळे आभाळाकडे बघतायत.

तिथे वजनकाटा. माणशी १५ किलो, १० मोठ्या बॅगचे आणि ५ हातातले, त्यावर एक किलो झालं तरी पैसे किंवा बाहेर काढा. इथे आपल्या मराठी मंडळींचं खरं दर्शन झालं. एका काकूंच्या सॅकमधून दोन किलो चिवडा, भाजणीचं पीठ, मेतकूट, लसणाची चटणी आणि वर एक छोटा प्रेशर कुकर निघाला, कुकर! काउंटरवरचा पोरगा त्या कुकरकडे आणि काकूंकडे आळीपाळीने बघत राहिला, शेवटी कुकर जीपवाल्याला भेट दिला आणि चिवडा आम्ही सगळ्यांनी खिशात वाटून घेतला. हसायला येतं पण वजनाचं तुम्ही निघायच्या आधी नीट सांगितलं असतं तर निम्मी कटकट वाचली असती. मंथली पावणेपाचशे मीटरवर नदीकाठी आणि लुक्ला २८५० वर, तेवढी उडी पूर्ण लोड घेऊन मारायची म्हणजे एकेक किलो मोजणारच ते लोक.

सकाळी सातला पहिली विमानं गेली. आमचा नंबर तिसऱ्या रोटेशनला, म्हणजे विमानांच्या तिसऱ्या फेरीला. दुसरं रोटेशन गेलं आणि लुक्ला बंद. वर ढग. मंथलीला लख्ख ऊन, घाम निथळतोय, आणि आमच्यातले निम्मे लोक 'इथे तर ढगाचा टिपूस नाही, हे लोक फसवतायत' म्हणून त्याच पोरावर ओरडायला लागले. लीडर त्यांना गप्प करायच्या ऐवजी स्वतः पुढे झाला. आणि मग जे कळलं ते मला वाटतं प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे. आज तुमचं विमान रद्द झालं म्हणजे उद्या पहिला नंबर तुमचा असं नसतं. उद्याची विमानं उद्याच्या तिकीटवाल्यांची. ती सगळी सुटल्यावर, हवा चांगली राहिली तर, जादा फेऱ्या लावून मागे राहिलेल्यांना उचलतात. ऐकायला अन्याय वाटतो, मलाही वाटला, पण विचार करा, मागच्यांना आधी नेलं तर एक दिवस बिघडला की सगळा महिनाच एकेक दिवस पुढे ढकलला जाईल. एसटीचा डेपो नाही तो, की जादा गाडी लावली आणि विषय संपला. चार-पाच तास, काही मोजकी विमानं, वर चार विमानं उभी राहतील एवढी जागा, तीही इंजिन पुरतं बंद न करता सामान उतरवून नवी माणसं भरून लगेच निघायचं.

ती रात्र मंथलीला तंबूत काढली, दुसऱ्या दिवशी साडेदहाला शेवटच्या जादा फेरीत आमचा नंबर लागला. म्हणजे एक दिवस गेला. आणि आता माझ्या पत्रातला मुद्दा आला, इथवर वाचलं असेल तर हा तरी नीट वाचा.

तो गेलेला दिवस आमच्या लीडरने कुठून भरून काढला? दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवसातून. 'सगळे फिट आहेत, एक्लिमटायझेशन, म्हणजे उंचीची सवय, नामचेला झालंय, दिंगबोचेला फक्त झोपू आणि सकाळी लोबुचे.' दुसरं कुठून काढणार होता, पत्रकात मोकळा असा एकही दिवस नव्हता, जो दिवस रिकामा दिसत होता तो विश्रांतीचा होता, तोच उचलला. सह्याद्रीत हे चालून जातं. हरिश्चंद्रगडाला उशीर झाला तर झोप कमी करायची, कळसूबाईला उशीर झाला तर उतरताना पळायचं. इथे झोप कमी करून भागत नाही, इथे शरीराला उंची पचवायला वेळ लागतो आणि तो वेळ फिटनेसवर अवलंबून नाही. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा साधा नियम तुम्हीच आम्हाला ओरिएंटेशनला स्लाईडवर दाखवता. दिंगबोचे ४४१० वर, लोबुचे ४९०० च्या पुढे.

आमच्यातला सगळ्यात तगडा पोरगा, मॅरेथॉन पळणारा, तंबूत सगळ्यांची थट्टा करणारा, लोबुचेला संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गप्प बसलेला. डोकं दुखतंय म्हणाला. मग उलटी. मग रात्री नऊच्या सुमारास तो खोलीतून बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, चपला कुठल्या पायात कुठली घालायची ते त्याला कळेना. उजवी डाव्यात घातली, काढली, परत डाव्यातच घातली. आमचा शेर्पा गाईड एवढा वेळ चुलीपाशी चहा पीत होता, त्याने ते बघितलं, कप ठेवला, एक शब्द न बोलता आपली बॅग आवरायला घेतली आणि लीडरला म्हणाला, तल, अहिले. खाली, आत्ता. रात्री हेडलॅम्पवर दोघं पोर्टर, गाईड आणि तो, खालच्या फेरिचे गावापर्यंत. फेरिचेला सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक असतं, उंचीच्या आजाराचंच. पोरगा वाचला, दोन दिवसांत हसायला लागला, आता परत मॅरेथॉन पळतो. बेस कॅम्प मात्र नाही झालं त्याचं. आणि लीडर दादा त्या रात्री लोबुचेच्या अंगणात एकटा उभा होता, मी बाहेर गेलो तर म्हणाला, अरे एक दिवस ठेवायला पाहिजे होता. बस्स एवढंच.

म्हणून म्हणतो, ढगाने खाल्लेला दिवस माणसाच्या डोक्यातून वसूल करू नका. उगाच आपली भाषा चालवतोय असं वाटेल पण अक्षरशः तेच होतं तिथे.

परतीचं थोडक्यात सांगतो, तो प्रकार तुम्हाला माहितीच आहे. लुक्लाला परत आलो, आदल्या दुपारी लॉजवाल्या दिदीने सगळ्यांची तिकिटं घेऊन ऑफिसात जाऊन नंबर लावला, आणि सकाळी उठलो तर खिडकीबाहेर दूध ओतल्यासारखं. सायरन वाजला की विमान येतंय हे समजायचं, सगळं गाव त्या सायरनकडे कान लावून. दोन दिवस वाजलाच नाही. गावाला रस्ता नाही, गॅसचा सिलिंडर वर येतो तो खेचराच्या पाठीवर नाहीतर विमानातून, त्यामुळे तिथल्या लोकांना या वाट बघण्याचं काही वाटत नाही, दिदीला विचारलं की ती म्हणायची, भोलि हेरौं न, उद्या बघू की. आम्हाला मात्र काठमांडू-मुंबईचं विमान दुसऱ्याच दिवशी. एकाच्या भाच्याची मुंज, एकाची रजा संपलेली, एक जण बँकेत, मार्च एंड नव्हता हे नशीब. मग हेलिकॉप्टर. डोक्याला चारशे-पाचशे डॉलरच्या गोष्टी सुरू झाल्या, ज्यांच्याकडे होते ते ढगात जराशी फट पडल्यावर गेले, ज्यांच्याकडे नव्हते ते त्यांच्याकडे बघत राहिले, बारा दिवस एका ताटात जेवलेली बॅच तिथे दोन तासांत फुटली. मला वाटतं सगळ्या ट्रेकमधलं सगळ्यात वाईट दृश्य ते होतं. हेलिकॉप्टरही ढगात उडत नाही हे सांगायला नकोच, फक्त त्याला फट छोटी पुरते.

आमच्यातले चौघे पायी निघाले, खाली सुर्केच्या बाजूने, मग पुढे मिळेल तिथून जीप पकडून सल्लेरी आणि तिथून काठमांडू, अंग खिळखिळं झालं पण पोचले. जीपचा रस्ता आता लुक्लाच्या बराच जवळ सरकलाय, हा पर्याय आधीपासून हिशोबात धरला तर एवढी पळापळ होणार नाही. पूर्वी तर लोक जिरीहून सहा-सात दिवस चालत लुक्लापर्यंत यायचे, अजूनही काही येतात, आणि त्यांना उंचीचा त्रासही कमी होतो कारण चढ-उतार करत हळूहळू वर येतात. कुणीतरी एकदा मराठी बॅच जिरीवरून काढाच, मी पहिलं नाव देतो.

तर मागणं काय. पत्रकात जाताना एक आणि येताना एक, असे दोन दिवस 'लुक्लासाठी राखीव' म्हणून उघड लिहा. विश्रांती वेगळी, राखीव वेगळं, आणि विश्रांतीच्या दिवसाला हात लावणार नाही हे पण लिहा. काठमांडू-मुंबई तिकीट लुक्लाहून परतायच्या तारखेनंतर दोन दिवस सोडून काढा, हवा चांगली लागली तर ते दोन दिवस पशुपतिनाथ, भक्तपूर, मोमो, कुणाला नकोयत? पैसे थोडे वाढतील, वाढू देत. मला माहितीये तुमची अडचण, शेजारचा बारा दिवसांत करतो म्हणल्यावर तुम्ही पंधरा म्हणालात तर लोक त्याच्याकडे जाणार, नोकरदार माणसाला रजाच तेवढी. म्हणूनच हे एकट्याला नाही, सगळ्यांना लिहितोय, सगळ्यांनी एकदम वाढवलं तर कुणाचंच गिऱ्हाईक जाणार नाही. व्हॉट्सअॅपवर तुमचा लीडर लोकांचा ग्रुप आहे हे मला माहितीये, तिथे टाका हे, शिव्या द्यायच्या तर तिथेच द्या.

आणि मंथलीला त्या काउंटरवरच्या पोरावर पुन्हा ओरडू नका प्लीज. आमच्या वेळचा जो होता तो चोवीस-पंचवीसचा असेल, पाच वाजल्यापासून उभा, दोनशे माणसांचा तोच शत्रू. दुसऱ्या दिवशी नंबर लागला तेव्हा काकूंनी उरलेला चिवडा कागदात बांधून त्याच्या हातात दिला. त्याने काउंटरखाली सरकवला आणि पुढच्याचं वजन करायला लागला.

आपला,
दुसऱ्या रांगेतला, डाव्या खिडकीचा

ता. क. डाव्या खिडकीवरून भांडणं लागतात कारण सीट नंबर नसतो, जो आधी चढेल त्याचा मान. बॅचमध्ये चिठ्ठ्या टाका.